आम्ल म्हणजे आंबट

एक काळ असा होता की आमच्या घरात आंबट म्हणून काही शिल्लक नव्हतं. चिंच नाही, कोकम नाही, लिंबू नाही, कैरी नाही, दही-ताक नाही. टोमॅटोसुद्धा आईने नुसत्या संशयावरून हद्दपार केला होता. आमटीत आंबट पडलं नाही की ती आमटी राहत नाही, नुसतं तिखट वरण होतं. ते मी इतकं गिळलंय की आजही कुणाकडे बिनचिंचेची आमटी पानात पडली तर माझं तोंड वाकडं होतं आणि यजमानीणबाईंना वाटतं, काय नखरेल म्हातारी आहे. असू दे. इथे टिटवाळ्याच्या नव्या इमारतीत चिंच पाकिटात मिळते, बिया काढलेली, स्वच्छ, दारात आणून देतात. मी घेते आणि बरणीत भरून ठेवते. एकटीला लागते तरी किती? पण बरणी रिकामी दिसली की मला अजून धस्स होतं.

तेव्हा आम्ही डोंबिवलीला होतो, मानपाड्याच्या बाजूला, बैठ्या चाळीत दोन खोल्यांत. सकाळ कंपन्यांच्या भोंग्याने व्हायची आणि मागोमाग आईच्या स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज यायचा. चाळीमागून एक गटार वाहायचं, त्याचं पाणी कधी जांभळं, कधी हिरवट. आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही, आम्हाला वाटायचं सगळीकडची गटारं अशीच असतात. बाबा रंगाच्या कंपनीत होते. घासून घासून आंघोळ केली तरी त्यांच्या नखांच्या कडांत त्या दिवशीचा रंग राहायचाच. ते दारात आले की मी ओरडायची, "आज कुठला?" ते दोन्ही मुठी मागे लपवायचे. मी म्हणायची पिवळा, मग ते मुठी पुढे करून उघडायचे. बरोबर आलं तर खिशातून लिमलेटची गोळी. चुकलं तरी गोळी मिळायचीच, पण आधी "हरलीस गं सुमे, हरलीस" असं चिडवून घ्यावं लागायचं. दिवसभरात माझ्याशी कुणी खेळायचं ते एवढंच, पण मला ते पुरायचं.

नंदू माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला. आम्ही सगळे सावळे आणि हा गोरापान, केस पिंगट. चाळीतल्या बायका आईला म्हणायच्या, "सरला, साहेबाचं पोर बदलून आणलंस की काय गं दवाखान्यातून!" आई आधी हसायची, मग हसेनाशी झाली. कारण नंदूला चालायला उशीर झाला आणि तो बोललाच नाही. तीन वर्षांचा झाला, चार वर्षांचा झाला, तोंडातून शब्द नाही. तासन्‌तास डुलत बसायचा, मधेच भिंतीवर डोकं आपटायचा. आणि त्याच्या अंगाला एक वास यायचा. बंद ट्रंकेत उंदराने घर केल्यावर येतो तसा. आई त्याला दिवसातून दोनदा उटणं लावून घासायची, वास जायचा नाही. बायका येईनाशा झाल्या. येऊन बसल्या तरी पाच मिनिटांत कुणाचं दूध उतू जायचं, कुणाचं मूल उठायचं. मला कळत होतं. मला त्या सगळ्या बायकांचा इतका राग होता की आज त्यातल्या एकीचीही आठवण मी चांगली काढू शकत नाही, आणि काढायची इच्छाही नाही.

शेवटी कुणाच्या तरी ओळखीने मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. रक्त घेतलं, लघवी घेतली, पुन्हा बोलावलं. नंदूला धरायला म्हणून मी बरोबर होते. डॉक्टर भले गृहस्थ होते. बाबांनी हात जोडून म्हटलं, "साहेब, जरा मराठीत सांगा." आणि त्यांनी असं शुद्ध मराठी काढलं की आम्ही तिघंही सावधान उभे राहिलो.

"तुमच्या मुलाला फिनाईल ॲलनिन नावाचं एक अमिनो आम्ल पचवता येत नाही. ते त्याच्या रक्तात साठतं आणि मेंदूला इजा करतं. त्याच्या आहारातून ते कमी करायला हवं. आहाराच्या बाई मंगळवारी असतात. त्यांना भेटल्याशिवाय राहू नका, त्या सगळं समजावतील."

त्या बाईंना आम्ही भेटलो नाही. मंगळवारी बाबांची पहिली पाळी होती, आणि मुळात समजावण्यासारखं राहिलंच काय होतं? मराठीत तर सांगितलं होतं. आम्ल म्हणजे आंबट. तरीही खात्री करून घ्यावी म्हणून आई ज्यांच्याकडे पोळ्या करायला जायची त्या लेले काकूंना तिने विचारलं. काकू शिकलेल्या, त्यांनी चष्मा पुसून सांगितलं, "हो गं, संस्कृतात अम्ल, त्याचंच आम्ल. आंबटच." झालं. त्या संध्याकाळी आईने चिंचेचा गोळा, कोकमं, लोणच्याची बरणी, सगळं उचलून बाहेर नेऊन दिलं. फिनाईलची बाटलीसुद्धा मोरीतून गेली, कारण ते नाव डॉक्टरांच्या तोंडात आलं होतं. आणि आंबटाने झालेली झीज भरून यावी म्हणून नंदूला ताकद द्यायची ठरली. सकाळी दूध, दुपारी वाटी वाटी वरण, संध्याकाळी अंडं. पौर्णिमेला खीर केली की मोठा वाडगा त्याचा. आम्ही दोघींनी फिक्कं जेवायचं आणि जे काही पौष्टिक येईल ते त्याच्या पोटात घालायचं. आई पदराने त्याचं तोंड पुसत म्हणायची, "खा रे माझ्या राजा, खा. डोकं चालेल तुझं."

हे लिहितानाही माझा हात थांबतो. किती प्रेमाने भरवायची ती!

बाबांनी मात्र तोच शब्द वेगळा ऐकला होता. त्यांच्या कंपनीत टाक्यांच्या ओळीवर लाल अक्षरांत पाटी होती, 'सावधान! आम्ल'. ती पाटी ते रोज वाचत होते. आम्ल म्हणजे ॲसिड, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती, त्यांच्या सदऱ्यांना त्याची भोकं होती. खाण्यातलं आंबट कमी करायचं ते ठीक, पण मुळात पोराच्या रक्तात आम्ल आलं कुठून?  कंपनीतून येताना ते कपडे तिथेच बदलून यायला लागले. मग त्यांची बादली वेगळी झाली, टॉवेल वेगळा झाला. नंदूला दुसरं काही कळत नसलं तरी बाबा आले की तो सरपटत जाऊन त्यांच्या पायांवर बसायचा आणि ते त्याला पायांवर घेऊन खोलीभर चालायचे. ते बंद झालं. नंदू जवळ आला की बाबा भिंतीला टेकत मागे सरायचे आणि म्हणायचे, "अगं घे त्याला, घे लवकर." आईला वाटलं, बापाला पोराची किळस येते. त्यावरून भांडणं झाली. एकदा ती म्हणाली, "स्वतःच्या पोराला हात लावायला तुम्हाला लाज वाटते?" बाबा पानावरून उठले आणि हात न धुता बाहेर जाऊन बसले. मी त्यांच्या मागे गेले. ते हाताकडे बघत होते.

"सुमे," ते म्हणाले, "माझ्या हातून गेलंय गं ते त्याच्या अंगात."

मी तेरा-चौदा वर्षांची. बाप म्हणतोय म्हणजे खरंच असणार. 

थोड्या दिवसांनी त्यांनी रंगाची कंपनी सोडली आणि ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका ओळखीच्या माणसाच्या वर्कशॉपमध्ये लेथवर लागले. तिथेच माळ्यावर झोपायचे. आईला सांगितलं, जायला-यायला लांब पडतं. मला सांगितलं, अंगातलं निघून जायला वेळ लागतो. रविवारी यायचे आणि उंबऱ्याबाहेर पायरीवर बसायचे. चहाही तिथेच. नंदू आतून त्यांच्याकडे बघून डुलायचा, हुंकार द्यायचा, आई त्याला मुद्दाम आत ओढायची. मी पायरीवर जाऊन विचारायची, "आज कुठला?" बाबा हात पुढे करायचे. ग्रीसने काळे झालेले, बस.

"आता कुठलाच नाही गं," म्हणायचे. गोळी द्यायचे, पण चिडवायचे नाहीत.

त्या दिवसांसारखी एकटी मी पुढे कधीच नव्हते, आणि पुढे मी बरीच एकटी होते. आई दिवसभर नंदूत, उरलेला वेळ काकूंच्या पोळ्यांत. चाळीतल्या मुली माझ्याशी लगोरी खेळायच्या, पण आमच्या दारात यायच्या नाहीत. शाळेच्या फाटकाशी एक बाई मीठ लावलेली चिंच विकायची. मी मधल्या सुट्टीत सगळ्यांना सोडून भिंतीशी तोंड करून ती चोखायची, दात आंबून झिणझिण्या येईपर्यंत. घरी जाण्याआधी नळावर तीनदा चूळ भरायची. आईला वास आला असता तर तिने मला फाडून खाल्लं असतं. आणि घरी नंदू दिवसेंदिवस बिघडत होता. त्याला झटके येऊ लागले. एकदा झटक्यात तो निळा पडला तेव्हा आई ओरडली, "अजून कुठलं आंबट राहिलंय गं घरात? सांग ना, कुठलं राहिलंय?"

नववीत आम्हाला विज्ञानाला कानडे बाई होत्या. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या, आणि रोज अंबाड्यावर गजरा. त्या दिवशी त्या अन्नघटक शिकवत होत्या. त्यांनी अंबाड्यातला गजरा काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "आपलं शरीर मोठमोठ्या रेणूंचं बनलंय, पण ते मोठे रेणू आले कुठून? बारक्यांतून. भातातलं पिष्ट सोडवलं तर काय निघेल? साखर. तेला-तुपातून मेदाम्लं निघतील. आणि प्रथिनं सोडवली तर..." त्यांनी गजऱ्याची गाठ सोडली, फुलं टेबलावर पसरली. "ही अमिनो आम्लं. आपण खातो दुसऱ्याचा गजरा, पोटात तो सुटतो, आणि त्याच फुलांचा आपण आपल्याला हवा तसा गजरा पुन्हा ओवतो."

मी कान टवकारले. तो शब्द मी हॉस्पिटलबाहेर पहिल्यांदा ऐकत होते. मी उभी राहिले. मला वर्गात कधी उभं राहायची सवय नव्हती.

"बाई, अमिनो आम्ल म्हणजे आंबटात असतं ना? चिंचेत, लिंबात?"

वर्ग फिदीफिदी हसला. बाई हसल्या नाहीत.

"नाव आम्ल आहे गं, चव नाही. डाळ तुला आंबट लागते का?"

"नाही."

"डाळीत भरपूर. दुधात, अंड्यात, मटणामच्छीत, शेंगदाण्यात. जिथे प्रथिनं तिथे अमिनो आम्लं. चिंचेत कुठली असणार, नावापुरती."

मी खाली बसायची विसरले. सकाळीच आईने नंदूला दोन वाट्या वरण भरवलं होतं. वर दूध.

तास संपल्यावर मी बाईंना गाठून सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "मी डॉक्टर नाही सुमन, चुकीचं सांगायला नको. पण ते वरण थांबवा आणि त्याच हॉस्पिटलात जा. उद्याच जा." मी घरी पळत आले. आई डाळ घोटत होती. मी धापा टाकत सांगितलं आणि तिच्या हातातली रवी धरली. तिने ती हिसकली आणि ओरडली, "दूध आणि वरण बंद करू? मग काय हवा खाऊ घालू त्याला? चार बुकं शिकलीस म्हणून आईला अक्कल शिकवतेस! काकूंना कळत नाही, मला कळत नाही, तुला कळतं?" मी म्हटलं, आई, ऐक ना गं. ती रडायला लागली. रडत रडत त्याला भरवत राहिली. आता कळतं, तिने माझं खरं मानलं असतं तर दोन वर्षं ती काय करत होती ते तिला तिथल्या तिथे सोसावं लागलं असतं. तेव्हा मला फक्त एवढंच वाटलं की या घरात माझं ऐकणारं माणूस ठाण्याला माळ्यावर झोपतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेला म्हणून निघाले आणि ठाण्याला गेले. एकटीने पहिल्यांदाच. स्टेशनवरून वागळे इस्टेटची बस विचारत विचारत पकडली, उतरल्यावर वर्कशॉप विचारत फिरले. सगळ्या शेडमधून एकसारखी घरघर आणि जळक्या तेलाचा वास. बाबा लेथवर वाकलेले होते. मला बघून त्यांनी आधी विचारलं, "नंदू?" त्यांचा चेहरा बघून कळलं, त्यांना वाटलं नंदू गेला.

"बाबा, ते ॲसिड नाहीये!" मी ओरडले. मशीनच्या आवाजात त्यांना ऐकू जाईना. मी पुन्हा ओरडले, पुन्हा ओरडले, आजूबाजूची माणसं बघायला लागली. शेवटी बाबांनी मशीन बंद केलं आणि एकदम शांत झालं.

"कंपनीतलं ॲसिड नाहीये ते," मी म्हटलं. आवाज बसला होता. "डाळीतलं आहे. दुधातलं. बाई म्हणाल्या, नाव आम्ल आहे, ते वेगळंच असतं. आपणच त्याला भरवतोय बाबा. आई ऐकत नाही."

त्यांनी स्वतःचे हात वर धरून बघितले.

"पाटीवरचं नव्हे?"

"नव्हे."

"माझ्या हाताचं नव्हे?"

"नाही ना बाबा!"

"नक्की, सुमे?"

मी नक्की म्हटलं. खरं तर मला काय नक्की माहीत होतं? पण मी छाती पुढे काढून नक्की म्हटलं. बाबांनी चिंध्यांनी हात पुसले, पुसतच राहिले, मग स्टुलावर बसले आणि सगळ्या माणसांसमोर हुंदके देऊन रडले. कुणीतरी मला पाणी आणून दिलं. मालकाला न विचारताच ते उठले आणि म्हणाले, "चल."

घरी पोचल्यावर बाबांनी उंबऱ्याबाहेर थांबायचं सोडून सरळ आत येऊन नंदूपुढचं ताट उचललं. आई किंचाळली. बाबा शांतपणे म्हणाले, "मंगळवारपर्यंत भात आणि साखर दे. मंगळवारी त्या बाईंना भेटू. पोर चुकीचं सांगत असेल तर तू म्हणशील ते मी ऐकेन." पोर चुकीचं सांगत नव्हतं. आहाराच्या बाईंनी तास घालवला आमच्यावर. वरण बंद, दूध बंद, अंडं बंद. भात मोजून, बटाटा, साबुदाणा, साखर, फळं, आणि एक बाहेरून मागवायची पावडर, जी कधी मिळायची, कधी नाही, आणि जिच्या वासाने मला मळमळायचं.

आईने विचारलं, "आणि चिंच?"

"चिंच द्या की. चिंचेनं काय होतंय?"

आईने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. डॉक्टरही आले. जे गेलं ते सगळं परत येणार नाही, म्हणाले, पण झटके थांबतील, पोर शांत होईल, थोडंफार बोलेलही. बाबांनी विचारलं, "पण साहेब, हे आलं कुठून?" डॉक्टरांनी सांगितलं, प्रथिनांचे जसे घटक असतात तसेच रक्तातून पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या सूचनांचेही बारीक घटक असतात. त्यातलं एखादं अक्षर चुकीचं असलं की असं होतं. आई-वडिलांकडून ते मुलात येतं.

बाबांची मान खाली गेली. "म्हणजे शेवटी माझ्याकडूनच."

"एकट्याकडून आलं तर काही होत नाही," डॉक्टर म्हणाले. "दोघांकडून यावं लागतं. निम्मं तुमचं, निम्मं यांचं."

आई आजवर बाबांशी चार माणसांत कधी मोठ्याने बोलली नव्हती. ती वळली आणि म्हणाली, "ऐकलंत? निम्मं माझं आहे. मग सगळं एकट्यानं घेऊन ठाण्याला जाऊन कशाला बसला होतात?" आणि नंदूला उचलून तिने सरळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाबांचे हात हवेतच राहिले. मग हळूहळू खाली आले.

नंदू बोलला त्याला आणखी बरेच महिने लागले. झटके थांबले होते, तो वास गेला होता, भिंतीवर डोकं आपटणं कमी झालं होतं. बाबा घरी राहायला आले होते. एका रविवारी आई आमटीसाठी चिंच कोळत होती आणि बाबांनी गंमत म्हणून त्या कोळाचं एक बोट नंदूच्या जिभेला लावलं. त्याने डोळे गच्च मिटले, खांदे आकसले, तोंड असं केलं की आम्ही तिघं हसायला लागलो. किती दिवसांनी त्या घरात हसू आलं होतं! मी म्हटलं, "आंबट! नंदू, आंबट!" त्याने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आंबत."

आई चिंचेच्या हाताने त्याला कुरवाळत राहिली, सगळं तोंड माखलं त्याचं.

पुढे त्याला आणखी शब्द आले, थोडेच. पण तो शब्द त्याने कधी सोडला नाही. त्याच्या लेखी जे जे आवडीचं ते आंबत. बिनशेंगदाण्याची साबुदाण्याची खिचडी आंबत, पतंग आंबत. बाबा कामावरून दारात आले की "आंबत!" म्हणून त्यांच्या पायांवर जाऊन बसायचा, मोठा झाल्यावरसुद्धा, आणि बाबा म्हातारे झाले तरी त्याचा भार सोसत दोन पावलं टाकायचे. आई-बाबा गेल्यावर तो माझ्याकडे होता. मी लग्न केलं नाही. लोकांनी त्याची कारणं लावली, लावू देत. माझ्यातही ते निम्मं आहे की नाही, मी कधी तपासलं नाही. संध्याकाळी ऑफिसातून आले, कुलूप काढलं की आतून हाक यायची, "आंबत?" मी म्हणायची, "हो रे, आलेय." तो गेला तोवर, जन्मभर मला त्याने सुमाताई म्हटलं नाही.

परवा पाकीट घेऊन आलेल्या मुलाने विचारलं, "आजी, एवढी चिंच कोणाला लागते?" मी म्हटलं, मला. दार लावलं, बरणी भरली आणि थोडी जिभेवर ठेवली. डोळे मिटले, खांदे आकसले. घर शांत होतं. आता मला आंबत म्हणणारं कुणी नाही.